मदत हवी आहे: ‘फास्ट’चे अर्थ एका धाग्यात कसे ओवावेत?

बडोद्यात दांडिया बाजारात आठवीच्या चार मुलांना इंग्रजी शिकवते. घरी मराठी, शाळा गुजराती माध्यमाची. ‘फास्ट’पाशी गाडी अडली आहे. फास्ट ट्रेन कळते, नवरात्रातला फास्टही कळतो. पण कापडाचा रंग फास्ट म्हणजे पक्का आणि ‘फास्ट असलीप’ म्हणजे गाढ झोपलेला, इथे मुलं गोंधळतात. झोपलेला माणूस वेगवान कसा?

अर्थांची यादी पाठ करून घेतली, आठवड्यात विसरली. मग मूळ सांगितलं: जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ घट्ट, पक्का. सीटबेल्टचं ‘फासन’ (fasten, म्हणजे घट्ट बांधणं) त्यातलंच. उपवासही घट्ट पाळायचा, आपणही उपवास ‘धरतो’च की! हे मुलांना फार आवडलं.

राहिला वेग. ‘घट्ट’वरून ‘जोराने’ आणि तिथून ‘वेगाने’ असा अर्थ सरकला. त्यासाठी ‘जोरात धर, जोरात पळ’ हे उदाहरण दिलं, पण ‘जोरात’मध्ये न हलण्याचा भाव येत नाही, म्हणून पक्का रंग आणि गाढ झोप बाहेरच राहतात.

संस्कृत शब्द नकोत, मुलांच्या तोंडी असलेला हवा. घट्टपणा आणि वेग दोन्ही दाखवणारा असा बोलीतला मराठी शब्द कुणाला सुचतो का?