रतनगड ते हरिश्चंद्रगड: तीन रात्रींच्या मुक्कामाला गुहा धरायची की तंबू?

जुळे सोलापूरकर
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही 8 जण जातोय. सोलापूरहून रात्री जीपने टेंभुर्णी, करमाळा, नगर, संगमनेर, अकोले करत सकाळी रतनगडाच्या पायथ्याला रतनवाडी. पहिली रात्र रतनगडावर. दुसऱ्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, पाचनई. तिसरी रात्र हरिश्चंद्रगडावर, आणि टोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरून खुबी फाटा. सगळ्यांचे तीन-चार किल्ले झालेत, पण ते एका दिवसाचे. गडावर रात्र कोणीच काढलेली नाही.

विचारायचं असं: गुहांवर भरवसा ठेवून तंबू घरी ठेवावेत का? आमच्याकडे तीन माणसांचे दोन तंबू आहेत, एकेक साडेतीन किलोचा. गुहा भरलेली निघाली तर जागा कशी शोधायची? नकाशावरून काही कळतं का? आणि पांघरायला सोलापुरी चादर पुरेल का, की स्लीपिंग बॅग लागेलच?

कातळपाऊल
तंबू घरी ठेवू नका. गुहा कोणाच्या नावावर राखलेली नसते. शनिवारी दुपारी चारला पोहोचलात आणि आत आधीच वीस माणसं असली, तर त्यांना उठवता येत नाही. शक्य असेल तर रविवारी सकाळी रतनवाडीतून चढा, म्हणजे तिन्ही रात्री आडवारी पडतील. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

आता एकेक रात्र घेऊ. रतनगडावर शिड्या चढून गणेश दरवाज्यातून वर आलं की दोन गुहा लागतात. लहानीत रत्नादेवीचं स्थान आहे, मोठी राहण्याजोगी. जागा मोजायची साधी रीत अशी: झोपलेल्या माणसाला साडेसहा फूट बाय दोन फूट. 8 जणांना एका रांगेत सोळा फूट रुंदी हवी, पायाशी सॅक ठेवायला वर दोन फूट. तेवढी कोरडी जमीन मिळते का ते आधी पाहा आणि मगच सॅक उघडा. माकडांचा त्रास आहे. खाणं सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलंत तर चेन फाडून नेतात.

दुसऱ्या रात्री गुहेच्या नादाला लागू नका. तो दिवस आठ ते दहा तासांच्या चालीचा आहे, आणि दमलेल्या पायांनी अंधारात कड्याखाली कपारी शोधणं हा या वाटेवरचा सर्वांत मोठा धोका. कुमशेतला दुपारी तीननंतर पोहोचलात तर तिथेच राहा, नाहीतर पाचनई. दोन्ही गावांत घरच्या अंगणात किंवा ओसरीवर झोपायला जागा मिळते, जेवण सांगता येतं. आदल्या दिवशी फोन करून 8 माणसांची भाकरी सांगून ठेवा.

हरिश्चंद्रगडावर मंदिराच्या आसपास आणि तारामती शिखराच्या पायथ्याला कोरलेल्या गुहा आहेत. गणेशमूर्ती असलेली गुहा त्यातली प्रशस्त. केदारेश्वराच्या गुहेत पाणी भरलेलं असतं, तिथे मुक्कामाचा विचारच नको. या सगळ्या जुन्या लेण्या आहेत. आत चूल पेटवली की छतावर काजळी धरते ती जात नाही, आणि धुरामुळे आत झोपणाऱ्याचा जीवही घुसमटतो. हा सगळा भाग 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे शेकोटी बाहेरसुद्धा नाही. पाचनईच्या नाक्यावर वनखात्याची पावती घेताना मुक्काम आणि तंबू कुठे चालतात ते विचारून घ्या, नियम बदलत असतात.

विजापूर वेस
गुहा रिकामी मिळाली तरी ती झोपण्याजोगी आहे का, हे पाहायला पंधरा मिनिटं द्या. बॅटरी घेऊन आधी छत बघायचं, मग जमीन.

छताला किंवा तोंडावरच्या कड्याला आग्या मोहोळ असेल तर काही न बोलता मागे फिरा. धूर, परफ्यूम, अंगावर मारलेला डासांचा स्प्रे, कॅमेऱ्याचा फ्लॅश यातल्या कशानेही ते उठतं. वटवाघळांची विष्ठा जमिनीवर पसरलेली असेल तर तीही गुहा सोडा, ती धूळ छातीत जाणं वाईट. शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या असतील तर पिसवा आणि गोचीड असणार; झाडून प्लास्टिक टाकलं तरी ते चढतात.

जमिनीवर ओळीने बारीक खळगे दिसले तर वर बघा, तिथून पाणी ठिबकतं. हिरवं शेवाळ, पांढरे ओघळ याच्याखाली अंथरूण घालू नका. पाऊस संपून दोन महिने झाले तरी काही गुहा डिसेंबरात पाझरतात, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झाला. दोन कठीण थरांच्या मधे ठिसूळ किंवा लाल मातीसारखा थर असतो. तो झिजला की कड्यात आडवी कपार तयार होते, आणि वरून मुरलेलं पाणीही त्याच रेषेत बाहेर येतं. नैसर्गिक कपारी आणि झरे जवळजवळ सापडतात ते यामुळे. एक कपार दिसली की तिच्याच पातळीत दुसरी असण्याची शक्यता असते. पण तिच्याकडे आडवं जाण्यासाठी निसरड्या गवताच्या पट्टीवर पाय टाकायचा नाही. रुळलेली वाट जात असेल तरच जा.

झोपताना बूट उलटे करून ठेवा किंवा मोज्याने तोंड बंद करा, सकाळी झटकूनच घाला. विंचू उबेला येतो. भिंतीतल्या भेगांकडे डोकं करून झोपू नका.

अकोले घाटवाट
तंबूबद्दल मी लिहितो, कारण खरी गफलत तिथेच होते.

आधी नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 नकाशात 2 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, 20 मीटर उंचीच्या फरकाने. दोन रेषांत 4 मिलिमीटर मोकळी जागा दिसली तर तो दहास एक असा उतार झाला. डोळ्याला सपाट वाटतो, पण झोपलं की रात्रभर घसरायला होतं. उलट, दोन तंबू मावतील एवढा पंधरा मीटरचा तुकडा दोन रेषांच्या मधे लपून राहतो, नकाशात दिसतच नाही. म्हणून नकाशावरून फक्त पठार, माची, सोंड हे भाग हेरायचे, नेमकी जागा पायाने शोधायची. उपग्रहचित्रातून गुहा दिसत नाहीत. पाऊलवाट कड्याशी जाऊन संपलेली दिसली तर तिथे गुहा किंवा टाकं (कातळात कोरलेला पाण्याचा हौद) असण्याचा संभव असतो, एवढंच. वाट दाखवणारं ॲप घरीच नकाशासकट उतरवून ठेवा, कुमशेतच्या बाजूला रेंजवर विसंबू नका. आणि ढोरवाटांपासून सांभाळा. त्या ठळक असतात, पण कारवीच्या झुडुपांत जाऊन विरतात.

खिंडीत तंबू लावायचा नाही. कात्राबाईच्या खिंडीत मोह होईल, पण दोन्ही बाजूंचा वारा तिथे फनेलसारखा कोंबला जातो. हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्याच्या काठाशीही नाही. कड्यावरून वर येणारा वारा तंबू खालून उचलतो, आणि रात्री लघवीला उठलेल्या माणसाला अंधारात कडा दिसत नाही. खोलगट बशीसारखी जागा वाऱ्यापासून सुरक्षित वाटते, पण थंड हवा तिथेच साचते आणि पहाटे सगळं दवाने निथळतं. कोरड्या नाळेत, म्हणजे पाण्याच्या घळीत, तर नाहीच. बरी जागा म्हणजे उतार संपून सपाटी सुरू होते तिथली, मागे झुडुपांची किंवा कातळाची भिंत, आणि माथ्यापासून थोडी खाली.

गडाच्या पठारावर माती चार बोटं असते, खाली कातळ. खुंटी अर्धी जाऊन वाकते. जिथे जाते तिथे तंबूपासून बाहेर कललेली, 45 अंशात ठोका. जिथे जात नाही तिथे दोरीला टिचभर लांबीची जाड काठी आडवी बांधा, काठी जमिनीवर टेकवा आणि तिच्या पुढे, म्हणजे तंबूच्या बाजूला, दहा-बारा किलोचा दगड ठेवा. नुसता दगडाला दोरीचा वेढा दिला तर बेसॉल्टची धार रात्रभराच्या हेलकाव्यात दोरी कापते. दगड मोकळे पडलेले घ्या. तटबंदीचा किंवा मंदिराच्या जोत्याचा एकही दगड हलवू नका.

तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे, दार विरुद्ध दिशेला. खालचं प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी 10 सेंटिमीटर आत दुमडलेलं हवं. बाहेर डोकावलं तर दव त्यावर जमून थेट तळाखाली येतं आणि सकाळी सगळे म्हणतात तंबू गळतो. जाळीच्या खिडक्या बंद करू नका. तीन माणसांच्या श्वासाचं पाणी आतून थेंब होऊन पडतं, ते गळणं वेगळं.

तुमचे दोन तंबू कागदावर सहा जणांचे, सॅकसकट चौघांचे. आणखी दोन भाड्याने घ्या, किंवा उरलेल्या चार जणांसाठी 3 बाय 4 मीटरची ताडपत्री आणि 20 मीटर दोरी. ताडपत्री दोन किलोच्या आत बसते, आणि गुहेत पाझर असला तर आतही कामाला येते.

जुळे सोलापूरकर
खूप आभार. ताडपत्रीचं पटलं. पाण्याचा हिशोब कसा धरायचा? आणि चादरीचं राहिलं.

पूर्वभागकर
चादरीचं मी सांगते. सोलापुरी चादर सुती. घरच्या पलंगावर तिला तोड नाही, पण सूत दव पितं आणि थंडीत वाळत नाही. ओली चादर अंगावर असली की ऊब देण्याऐवजी ऊब ओढून घेते. वजनही किलोच्या पुढे. शिवाय सोलापूरच्या थंडीवर अंदाज बांधू नका. आपलं गाव साधारण 450 मीटरवर, हरिश्चंद्रगड 1424 मीटरवर. हजार मीटरला सहा-साडेसहा अंश उतरतात, म्हणजे आपल्याकडे 15 असतील तर वर 9, आणि त्यात वारा. 5 अंशाला चालेल अशी स्लीपिंग बॅग प्रत्येकी एक, आणि खाली फोमची चटई. चटई टाळू नका, गुहेचा कातळ हवेपेक्षा जास्त थंडी देतो. चादर न्यायचीच असेल तर सगळ्यांत मिळून एक, गुहेच्या तोंडाला वारा अडवायला.

पाणी. संध्याकाळ ते दुसऱ्या दिवशीच्या पुढच्या पाण्यापर्यंत माणशी 3 लिटर प्यायला, 1 लिटर स्वयंपाकाला. तुम्हा 8 जणांना 32 लिटर. प्रत्येकाकडे दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्या असल्या की ते बसतं, पण भरून चढायची गरज नाही. गावातून दोन लिटर घेऊन निघा, बाकीच्या बाटल्या रिकाम्या न्या आणि टाक्यावर भरा. रतनवाडीत आणि पाचनईत एकच प्रश्न विचारा: आत्ता कुठल्या टाक्याचं पाणी पितात? वाटेला लागून असलेलं टाकं बहुधा लोकांनी हातपाय धुऊन खराब केलेलं असतं. कातळात आत शिरलेलं, खांब असलेलं, उन्हापासून झाकलेलं टाकं निवडा. चार पदरी सुती कापडाने गाळा, मग खळखळून एक मिनिट उकळा, किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळी नीट काम करत नाही, म्हणून आधी गाळणं. टाक्यात भांडं बुडवायचं ते स्वच्छ एकच, दोरी बांधून. शौचाला पाण्यापासून सत्तर पावलं तरी लांब, वीतभर खड्डा, आणि कागद पिशवीत परत.

गॅसचा 230 ग्रॅमचा डबा वारा नसताना दहा-बारा लिटर पाणी उकळतो, वाऱ्यात निम्मंही नाही. तीन डबे आणि पत्र्याचा आडोसा न्या. तंबूच्या आत शेगडी कधीही नाही. स्वयंपाक कमी करायचा असेल तर आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी तिन्ही दिवस टिकते. भाकरी स्टीलच्या डब्यात ठेवा, पिशवीत चुरा होतो.

कातळपाऊल
एकच भर. रोज दुपारी चारला थांबून ठरवा: आज रात्र कुठे. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य जातो. जागा बघायला अर्धा तास, तंबू उभे करायला पाऊण, पाणी आणायला पाऊण, एवढे दोन तास लागतातच. चारला समोर सपाट जागा आणि पाणी असेल तर पुढच्या गुहेच्या आशेने निघू नका. दोघांना सॅक न घेता पुढे पाठवा, वीस मिनिटांत गुहा रिकामी आहे का बघून ते परत येऊ देत, बाकीचे जागेवर थांबा. आणि खिरेश्वरला ठरलेल्या दिवशी उतरला नाहीत तर किती वाजता 112 ला फोन करायचा, ते सोलापुरात घरी एका माणसाला वाटेतल्या गावांच्या नावांसकट लिहून देऊन निघा.