मदत हवी आहे: डबल्समध्ये अमूंगसच्या झोपेवर उतारा काय?

मंडळी नमस्कार, पोकेमॉन स्कार्लेट-व्हायोलेट खेळणारे इथे बरेच आहेत, म्हणून धागा काढतोय.

आमचा एक ग्रुप दर रविवारी गिरगावात एका मित्राच्या घरी जमतो. नियम अधिकृत स्पर्धेचेच: डबल्स (दोघांविरुद्ध दोघे), लेव्हल ५०, सहातून चार निवडायचे, एकच आयटम दोघांना द्यायचा नाही. मी मूळचा सिंगल्सवाला. लोकलमध्ये मोबाइलवर शोडाउन या ऑनलाइन सिम्युलेटरवर जुन्या पिढ्यांच्या लढती खेळत शिकलो. तिथे स्लीप क्लॉज असतो, म्हणजे समोरच्याचा एक झोपवला की तो उठेपर्यंत दुसऱ्याला झोपवता येत नाही. त्यामुळे एक गडी झोपेला द्यायचा आणि पुढचा खेळ निर्धास्त करायचा ही सवय. इथे तो क्लॉजच नाही. चारही झोपवा, कोणी अडवत नाही.

आमच्यातल्या एकाची ठरलेली जोडी आहे, फॅरिगिराफ आणि अमूंगस. परवाची लढत जशी झाली तशी सांगतो. माझे पुढचे दोन इन्सिनरोअर आणि गार्चॉम्प. फेक आउट (आधी लागून समोरच्याचा टर्न घालवणारी मूव्ह) मारायची सोय नाही, कारण फॅरिगिराफची आर्मर टेल अॅबिलिटी त्याच्यावर आणि त्याच्या जोडीदारावर येणाऱ्या प्रायॉरिटी मूव्ह (वेग न पाहता आधी चालणाऱ्या) बंद पाडते. पहिल्या टर्नला गार्चॉम्पने फॅरिगिराफवर ड्रॅगन क्लॉ टाकला, अमूंगसने रेज पावडर वापरून तो स्वतःवर ओढून घेतला आणि मागून ट्रिक रूम लागली. आता हळू तो आधी. अमूंगसचा बेस स्पीड ३०, त्यामुळे दुसऱ्या टर्नला सगळ्यांच्या आधी गार्चॉम्पवर स्पोर, म्हणजे झोपवणारी मूव्ह. तिसऱ्या टर्नला इन्सिनरोअरवर स्पोर. स्पोरची अचूकता १००, चुकण्याची आशाच नाही. दोघेही घोरतायत आणि ट्रिक रूमचे अजून दोन टर्न शिल्लक!

झोपेचं गणित मला माहीत आहे. आताच्या गेममध्ये १, २ किंवा ३ टर्न जातात आणि तिन्हीची शक्यता सारखी. पहिला टर्न जातोच, दुसऱ्याला जागं होण्याची शक्यता तीनात एक, तिसऱ्याला दोनात एक, चौथ्याला नक्की. सरासरी दोन टर्न. पहिल्या पिढीत सात टर्नपर्यंत झोप लागायची आणि उठायचा टर्नही फुकट जायचा, त्या मानाने आताचं बरंच म्हणायचं. पण डबल्समध्ये लढत इतक्या झटपट संपते की दोन टर्न म्हणजे सगळं आलं. झोपलेल्याला मागे घेतलं तर मोजणी तिथेच थांबते, म्हणजे बाकावर बसून झोप उतरत नाही.

उपाय शोधले, पण एकही मनासारखा बसत नाही. लम बेरी (झोप उतरवणारा आयटम) एकदाच चालते, पुढच्या स्पोरला काय? मिस्टी टेरेन लावलं तर जमिनीवरच्या कोणाला झोप लागत नाही, पण ड्रॅगन मूव्हचा मार निम्मा होतो आणि माझा भरवसा गार्चॉम्पवर. गार्चॉम्पला ग्रास टेरा दिला, म्हणजे टेराने त्याचा टाइप ग्रास केला, तर पावडर (स्पोर त्यातलीच) लागत नाही हे खरं (सहाव्या पिढीपासून ग्रास टाइपवर पावडरच्या मूव्ह चालत नाहीत), पण अख्ख्या लढतीतला एकुलता एक टेरा त्यात घालवायचा हे जिवावर येतं. उरला सेफ्टी गॉगल्स, पावडरच्या मूव्ह न लागू देणारा आयटम.

प्रश्न एवढाच: गॉगल्स एकच देता येणार, तर गार्चॉम्पला द्यावा की इन्सिनरोअरला? टीममध्ये गोल्डेंगोही आहे. त्याच्या गुड अॅज गोल्डमुळे स्पोर लागत नाही, पण मग ते जोडीदाराला झोपवतात. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

गॉगल्स इन्सिनरोअरला, डोळे झाकून. रेज पावडर हीसुद्धा पावडरच आहे. गॉगल्स घातलेल्याच्या मूव्ह ती ओढू शकत नाही. म्हणजे इन्सिनरोअरचा टॉन्ट (हल्ला सोडून बाकीच्या मूव्ह बंद पाडणारी मूव्ह) थेट फॅरिगिराफवर जाणार, आणि ट्रिक रूमची प्रायॉरिटी उणे ७ असल्याने, म्हणजे ती टर्नमध्ये सर्वांत शेवटी चालत असल्याने, टॉन्ट नेहमी आधी लागणार. ट्रिक रूम लागतच नाही.

त्या मित्राने फॅरिगिराफला मेंटल हर्ब दिली असेल तर टॉन्ट लगेच उतरतो. तसं असेल तर पहिल्याच टर्नला टॉन्ट अमूंगसवर टाक. हर्ब एकालाच देता येते, त्यामुळे अमूंगसकडे ती नसणार. त्याने आधी रेज पावडर वापरली तरी पुढचे तीन टर्न स्पोर बंद, रेज पावडर बंद, प्रोटेक्टसुद्धा बंद. ट्रिक रूम लागल्यानंतर चार टर्न चालते, त्यातले तीन तू असे खाल्लेस.

आणि सुरुवातीला गार्चॉम्प नको, गोल्डेंगो पाठव. गोल्डेंगोला स्पोर लागत नाही, गॉगल्समुळे इन्सिनरोअरलाही नाही. समोर झोपवायला कोणीच उरत नाही. शिवाय फॅरिगिराफच्या सायकिक मूव्ह इन्सिनरोअरला लागतच नाहीत आणि गोल्डेंगोला अर्ध्याच लागतात. गोल्डेंगोने मेक इट रेन मारावी. ती दोघांवर पडते, म्हणून रेज पावडरने वळत नाही. शॅडो बॉल मात्र फॅरिगिराफवर वाया जाईल, नॉर्मल टाइप आहे तो. इन्सिनरोअरचा नॉक ऑफ त्याला दुप्पट लागतो आणि असलेली हर्बही उडवतो.

एकच जप. त्याच्याकडेही नॉक ऑफवाला कोणी असेल तर तुझा गॉगल्स आधी उडेल.

धागाकर्ता

मनापासून आभार! रेज पावडरवरही गॉगल्स चालतो हे डोक्यातच आलं नव्हतं. रविवारी इन्सिनरोअर-गोल्डेंगो हीच जोडी पुढे. एक शंका राहिली: त्याने अमूंगस मागे ठेवला आणि माझा गार्चॉम्प मैदानात आल्यावर बाहेर काढला, तर गार्चॉम्पने प्रोटेक्ट घेऊन एक टर्न काढावा आणि इन्सिनरोअरने त्याच टर्नला टॉन्ट टाकावा, की सरळ फ्लेअर ब्लिट्झ? ट्रिक रूम तेव्हा लागलेली नाही असं धरून सांगा.