आउटलुकमध्ये सगळ्या मीटिंग अर्धा तास पुढे दिसतायत, घड्याळ मात्र बरोबर आहे!

टायपून_थकले
नवा लॅपटॉप मिळून तीन आठवडे झाले आणि तेव्हापासून कॅलेंडरनं नुसता छळ मांडलाय. ११ ची मीटिंग आउटलुकमध्ये साडेअकराला दिसते, रिमाइंडर पण त्याच हिशोबानं येतो, मी आपली निवांत जॉइन होते तर लोक "चला, बाय" करत असतात. फोनवर तीच मीटिंग बरोबर ११ ला. उलटा प्रकारही आहे, मी लॅपटॉपवरून दर सोमवारची ३ ची मीटिंग लावली तर सगळे अडीचलाच येऊन बसले आणि मलाच फोन, कुठे आहेस म्हणून. शिवाय टीममधल्यांच्या रजा, त्या ऑल-डे वाल्या, दोन-दोन दिवसांवर पसरल्यात. एका दिवसाची रजा घेतलेला माणूस दोन दिवस गायब.

हेल्पडेस्कनं आधी ऑफिस रिपेअर केलं, मग नवीन प्रोफाइल, मग ओएसटी फाइल (लॅपटॉपवर साठवलेली मेलबॉक्सची नक्कल) उडवली, अख्खा मेलबॉक्स परत उतरण्यात दुपार गेली, फरक शून्य. घड्याळ बघा म्हणाल तर बघितलंय, कोपऱ्यातलं घड्याळ फोनशी मिनिटाला जुळतंय. मग एकट्या आउटलुकलाच वेळ कळत नाही का?

सहज_सुचलं
मीटिंग लावणारे परदेशातले आहेत का? मग डीएसटी असणार, म्हणजे उन्हाळ्यापुरतं घड्याळ पुढे करायची त्यांची पद्धत. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं, युरोपात शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे सगळीकडे हीच बोंब असते. रिपीट होणारी मीटिंग ज्यानं लावली त्याच्या टाइम झोनला बांधलेली असते, त्याचं घड्याळ हललं की तुमच्याकडची मीटिंग सरकलीच म्हणून समजा.

जुना_वायरमन
डीएसटी नाही हो. तसं असतं तर एक तासाचा फरक पडला असता (अर्ध्या तासाचं डीएसटी असलेलं लॉर्ड हाऊ नावाचं एक बेट आहे ऑस्ट्रेलियाचं, पण ताई तिथल्या नसाव्यात). आणि सरकली असती ती फक्त बाहेरच्यांनी लावलेली मीटिंग, इथे तर रजासुद्धा सरकल्यात.

ताई, एक करा, लॅपटॉपवर स्वतःलाच एक मेल पाठवा आणि तो आला की त्याची वेळ बघा. माझा अंदाज आहे की तो मेल अर्ध्या तासानंतर येणार असल्यासारखा दिसेल. तसं दिसलं तर कॅलेंडर निर्दोष आहे, तुमच्या विंडोजचा टाइम झोन चुकलाय.

आता घड्याळ बरोबर कसं काय, तर ज्यानं लॅपटॉप सेट केला त्यानं झोनच्या यादीत दोन-तीन ओळी खालची ओळ निवडली असणार, घड्याळ अर्धा तास पुढे दिसलं, आणि झोन तपासायच्या ऐवजी त्यानं काटेच हातानं मागे घेतले. दिसायला ठीक, आतून खोटं. सर्व्हरवर मीटिंगची वेळ शेवटी यूटीसीच्या, म्हणजे जगभरच्या सामाईक वेळेच्या हिशोबानं असते, आउटलुक त्यात मशीनचा झोन मिळवून दाखवतं, कोपऱ्यातल्या काट्यांशी त्याला देणंघेणं नाही. फोनचा झोन नेटवर्कवरून बरोबर आलाय म्हणून फोन शहाणा. ऑल-डे म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र, तेच अर्ध्या तासानं सरकलं की साडेबारा ते साडेबारा होतं आणि दोन दिवसांना चिकटतं.

लॅपटॉप ऑफिसच्या डोमेनमध्ये (ऑफिसच्या सर्व्हरनं सांभाळलेल्या मशीनच्या गटात) नसावा असंही वाटतं. डोमेनमधलं मशीन वेळ सर्व्हरकडून घेतं, आणि केर्बेरॉस लॉगिनला (डोमेनमध्ये ओळख पटवायची पद्धत) डीफॉल्टनं ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालतच नाही, त्यामुळे ही भानगड पहिल्याच दिवशी उघडी पडली असती.

उपाय: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, डेट अँड टाइम. आधी झोन बरोबर करा, मग सेट टाइम ऑटोमॅटिकली चालू करा, मग सिंक नाऊ. आउटलुक बंद करून परत उघडा. हेल्पडेस्कनं जे केलं त्याला रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात. ओएसटी उडवल्यानं बिघडलं काही नाही, ती सर्व्हरवरच्या मेलची नक्कलच असते, पण तेच पीएसटीच्या (फक्त मशीनवर ठेवलेल्या मेलच्या फाइलच्या) बाबतीत कुणी सांगितलं तर हात लावू देऊ नका, त्यातला मेल बहुतेक वेळा दुसरीकडे कुठेच नसतो.

अर्धा_डबा
इथेच विचारतो, वेगळा धागा कुठे काढू, माझा मेल आउटबॉक्समधून हलतच नाही, मी दर दहा मिनिटांनी उघडून बघतो गेला का, तरी तिथेच, अटॅचमेंट १८ एमबीची आहे आणि लिमिट २० आहे म्हणे.

जुना_वायरमन
उघडून बघता म्हणूनच अडकलाय 🙂 जुन्या आउटलुकमध्ये आउटबॉक्समधला मेल उघडून नुसता बंद केला की तो पाठवायच्या रांगेतून बाहेर पडतो, त्याचं नाव तिरक्या अक्षरातून साध्या अक्षरात येतं. परत उघडून सेंड दाबावं लागतं. पण तुमचा तरीही जाणार नाही, कारण अटॅचमेंट मेलमधून जाताना बेस ६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून जाते आणि साधारण एक तृतीयांशानं फुगते, १८ चे २४ होतात. लिंक पाठवा. आणि खालच्या पट्टीत वर्किंग ऑफलाइन लिहिलेलं नाही ना तेही बघा, मी स्वतः एकदा अर्धा दिवस त्यात घालवलाय.

टायपून_थकले
वायरमनदादा, मेल खरंच अर्ध्या तासानंतरचा दिसला! झोन खालच्याच एका ओळीवर होता. तो बदलल्याबरोबर घड्याळ अर्धा तास मागे गेलं, धस्स झालं, पण सिंक नाऊ दाबल्यावर जागेवर आलं. सगळ्या मीटिंग सुधारल्या, रजाही एकेका दिवसाच्या झाल्या. पण मी लावलेली सोमवारची मीटिंग आता मला अडीचला दिसतेय, आणि माझी स्वतःची रजा आदल्या रात्री साडेअकराला सुरू होतेय 😑

जुना_वायरमन
बरोबरच आहे, त्या तीन आठवड्यांत लॅपटॉपवरून जे काही लावलंत ते चुकीच्या झोननंच सर्व्हरवर गेलंय, ते आपोआप सुधारत नाही. रजा काढून परत टाका. सोमवारच्या सिरीजची वेळ बदलायची तर जपून, मधला एखादा सोमवार हलवलेला किंवा रद्द केलेला असेल तर अख्ख्या सिरीजची वेळ बदलताना ते बदल पुसले जातात. तसं असेल तर जुनी सिरीज या आठवड्यात संपवा आणि नवी लावा.

टायपून_थकले
रजा केली नीट. सोमवारची तशीच ठेवतेय, टीम म्हणाली आता अडीचचीच सवय झालीये.