पूर्ण सामना रोबोटनेच खेळावा का?

गिअरवाला: एफटीसीच्या (फर्स्ट टेक चॅलेंज, विद्यार्थ्यांच्या टीमची रोबोट स्पर्धा) सामन्यात पहिले ३० सेकंद रोबोट आपला आपण चालतो, पुढची २ मिनिटं गेमपॅड ड्रायव्हरच्या हातात. माझं म्हणणं, त्या २ मिनिटांतही गेमपॅडला हात लावू नये. ऑटोच्या, म्हणजे त्या पहिल्या ३० सेकंदांत बहुतेक टीम आधी आखलेली वाट नुसती गिरवतात. मैदानावरचा कोणता तुकडा आधी उचलायचा, वाट अडली तर काय करायचं, हे कोडला ठरवावंच लागत नाही. खरं प्रोग्रामिंग तिथून पुढे आहे! रोबोकप या रोबोटांच्या स्पर्धेत १९९७ पासून रोबोट स्वतःच फुटबॉल खेळताहेत.

मेकॅनम: साफ असहमत. रोबोकपमध्ये अख्खा संघ एकाचा, रोबोट एकमेकांना निरोप देतात. इथे जोडीदार दुसऱ्याच टीमचा, दर सामन्याला नवा. १२ बाय १२ फुटांत चार रोबोट, दोन विरुद्ध दोन. "तू डावीकडून जा, मी थांबतो" हे ड्रायव्हर एकमेकांना ओरडून सांगतात, ते कोडला कसं कळणार? वर धक्काबुक्की. मेकॅनम चाकं (तिरपे रोलर असलेली, आडवीही जाणारी) आडवी घसरली की मोटरच्या एन्कोडरचा, म्हणजे चाक किती फिरलं ते मोजणाऱ्या सेन्सरचा, हिशोब चुकतो.

गिअरवाला: म्हणून तर डेड व्हील, म्हणजे नुसती मोजमापाची मोकळी चाकं, लावतात. त्यांना मोटर नसते, त्यामुळे ढकलला गेला तरी रोबोट किती सरकला ते मोजलं जातं. उरलेली चूक कॅमेऱ्याला एप्रिलटॅग (मैदानावर लावलेली चौकोनी छापील खूण) दिसला की दुरुस्त करता येते.

मेकॅनम: टॅग दिसला तर! समोर दुसरा रोबोट आला की टॅग झाकला जातो, वेगात वळताना चित्र पुसट होतं. आणि धक्क्याने रोबोट कलला की डेड व्हीलही जमिनीवरून उचलली जातात. शिवाय स्वतःची जागा कळली तरी समोरचा आता कुठे वळणार ते कळत नाही. माझ्या मते अडचण तीच.

सर्किट_ताई: मधला मार्ग आहे ना. कुठे जायचं ते ड्रायव्हरने बटण दाबून सांगावं, नेम धरणं, रांगेत येणं, टाकणं कोडने करावं. आमच्या मुली असंच खेळतात, ड्रायव्हरची नजर मैदानावर राहते.

गिअरवाला: ताई, ते उपयोगी आहे, पण निर्णय माणसाचाच राहिला. २००४ च्या डार्पा शर्यतीत (अमेरिकी लष्करी संशोधन संस्थेची, चालकाविना गाड्यांची) एकही गाडी शेवटपर्यंत पोहोचली नाही, पुढच्याच वर्षी पाच पोहोचल्या. उतरल्याशिवाय कसं जमणार?

मेकॅनम: त्या वाळवंटात गाड्यांना कुणी ढकलत नव्हतं. सराव सामन्यांत खुशाल चालवा. पात्रता फेरीत मात्र जोडीदाराचे गुणही पणाला लागतात.

गिअरवाला: जोडीदाराला आधी विचारेन. तो हो म्हणाला, तर पात्रता फेरीतही चालवेन.