तीन 'के' असलेली अमेरिका मराठीत कशी लिहायची?

प्रश्न : एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करतेय. त्यात 'अमेरिका' सगळीकडे ओळीने तीन 'के' घालून लिहिलंय. 'अमेरिक्का' चालेल का?

उत्तर : नको. ते तीन 'के' म्हणजे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेची आद्याक्षरं. वंशद्वेष देशाच्या नावातच मुरलाय, असा तो आरोप आहे. आइस क्यूब या रॅपरने १९९० मध्ये आपल्या अल्बमच्या नावात हेच स्पेलिंग घेतलं होतं. एकच 'के' असता तर रोख निराळा. ते जर्मन वळण, त्यातून नाझी राजवटीची आठवण. इटलीतही १९७७ च्या सुमारास आंदोलकांनी गृहमंत्री कोस्सिगा यांच्या नावातला 'सी' काढून 'के' घातला आणि जोड 'एस' नाझींच्या एसएस या सशस्त्र दलाच्या चिन्हासारखा रंगवला.

या सगळ्यांत उच्चार जागचा हलत नाही, टोचतं ते डोळ्यांना. आपल्याकडे 'सी' काय नि 'के' काय, दोन्हींचा 'क'च. 'अमेरिक्का'त जोर ऐकू येईल, क्लॅन दिसणार नाही. मी 'अमेरिका'च लिहीन आणि पहिल्या उल्लेखापाशी वाक्यातच उलगडा करीन.

प्रश्न : मग 'हर्स्टरी'? 'हिस्टरी'तला 'हिज' काढून 'हर' घातलाय, पण मूळ ग्रीक 'हिस्तोरिया' म्हणजे शोध, चौकशी. त्यात 'हिज' नाहीच!

उत्तर : नाहीच, पण ती व्युत्पत्ती म्हणून सांगितलेलीच नाही. इतिहास कुणी लिहिला आणि कोण वगळलं गेलं, हे विचारायला केलेली ती शब्दाची फोड आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त 'महार' हा शब्द 'महाअरी', म्हणजे मोठा शत्रू, असा उलगडला. हिणवण्याच्या नावातून त्यांनी लढवय्या उभा केला. भाषाशास्त्राची फूटपट्टी तिथे लावून काय हाती लागणार?

प्रश्न : म्हणजे मराठीत फक्त डोळ्यांना कळेल असा बदल शक्यच नाही?

उत्तर : 'ठोकशाही'त आवाज बदलतो, तो वेगळा प्रकार. पण ऱ्हस्व-दीर्घात जागा आहे. फलकावर 'कामगार दीन' लिहून पाहा. बोलताना 'दिन' आणि 'दीन' यांत फरक जवळपास उरत नाही. अडचण एवढीच, की लिहिणाऱ्याला शुद्धलेखन येतं असा वाचकाचा विश्वास हवा. प्राध्यापकाने लिहिलं तर ती टीका ठरेल. तेच खुद्द कामगाराने लिहिलं, तर लोक लाल पेन काढतील. हे मला फार खटकतं.