सल्ला हवा: सर्वेक्षण आणि उत्खननासाठी बूट, बजेट १५०० रु.

साष्टी_भटकी: कलिनाला एमए पुरातत्त्व, पहिलं वर्ष. रविवारी साष्टीतल्या (मुंबई उपनगरांचं बेट) गावठाणांत सर्वेक्षण असतं आणि डिसेंबरात तीन आठवडे उत्खनन. कॉलेजचे बूट कान्हेरीला तळापासून उघडले, दोरीने बांधून उतरले. १५०० च्या वर जमणार नाही. काय घेऊ?

गडकोट_ठाणे: ट्रेकिंगचे वॉटरप्रूफच घे. माझे ५४०० चे, सहा पावसाळे काढले. आयुष्यात एकदाच खर्च.

खापरवेडा: बुटांचं बघता येईल, आधी माती खरवडायची ४ इंची थापी चांगली घे. स्वस्तातली जोडावर मोडते. माझी दुसऱ्याच दिवशी मोडली, मग तीन आठवडे गावच्या खुरप्याने सेक्शन (खड्ड्याची उभी कापलेली बाजू) साफ केला.

पार्लेकर_काका: खुरपंच बरं हो, आमच्या वेळी सगळे त्यानेच खणायचे. आणि मुलांनो, सोपाऱ्याला (नालासोपारा) जाऊन या. कनिंगहॅमने तिथला स्तूप खणला.

खापरवेडा: काका, कनिंगहॅम नाही. पंडित भगवानलाल इंद्रजी, १८८२. आपल्या माणसाचं श्रेय आपणच घालवायचं का?

पार्लेकर_काका: बरोबर, चुकलो. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांनाच मिळाला ना?

खापरवेडा: हो, त्याच वर्षी.

गडकोट_ठाणे: वॉटरप्रूफच. पाऊस गेला तरी गवतात दव असतं.

माजी_विद्यार्थिनी: ताई, सर्वेक्षण आणि ट्रेंच (उत्खननाचा खड्डा), दोन्हीला एकच बूट चालत नाहीत. खोल नक्षीचा तळ ट्रेंचमध्ये नको. एका थराची माती दुसऱ्यावर जाते, आणि कडेला पाय पडला की सेक्शन ढासळतो. माझ्या टाचेने चुलीची भाजलेली कड गेली, फोटो व्हायच्या आधी. सर काही बोलले नाहीत, पण रात्रभर झोप लागली नाही. आत सपाट रबरी तळाचे पीटीचे कॅनव्हास घाल, तीन-चारशेत येतात. उरलेल्या पैशांत बाहेरचे बूट.

गडकोट_ठाणे: कॅनव्हासने काटा आरपार जातो!

माजी_विद्यार्थिनी: ट्रेंचमध्ये काटे कुठून आणलेत?

बोरिवली_पश्चिम: पीटीचेच घे, +१. वॉटरप्रूफही वाईट नाहीत. इथे बोरिवलीत एकसरला वीरगळ (वीरांच्या स्मरणाचे कोरीव दगड) बघितलेत का? खालच्या पट्ट्यांत वल्ह्यांच्या बोटी ओळीने कोरल्यात, समुद्रावरची लढाई! इतक्या जवळ राहून मी चाळिशीत पाहिले. २०१६ मध्ये राष्ट्रीय उद्यानात ७ लेणी सापडल्याची बातमी आली, तीही साष्टीच्या सर्वेक्षणातूनच. तुम्ही पोरं हे करताय, फार अभिमान वाटतो.

साष्टी_भटकी: बोरिवलीकर काका, मागच्या रविवारी विहिरीपाशी आम्हाला गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारा जुना कोरीव दगड) मिळाली! आजी त्यावर कपडे धूत होत्या. आम्ही पाणी भरून दिलं, मग त्यांनीच चौघांकडून दगड उलटवून घेतला. वर चंद्र-सूर्य, खाली गाढव, मधली अक्षरं झिजलेली. तिरप्या उन्हात दोन ओळी दिसल्या. पाऊण तास मोजमाप आणि फोटो, मग दगड होता तसा ठेवला. आजींनी चहा पाजला.

खापरवेडा: अक्षरांवर खडू फिरवला नाहीत ना?

साष्टी_भटकी: नाही, नुसतं पाणी आणि मऊ ब्रश.

माजी_विद्यार्थिनी: शाब्बास. मग पीटीचे घेतेयस ना?

साष्टी_भटकी: सगळ्यांचे आभार. ठरलं. बाबांचे गोदीतले सेफ्टी शूज घरात पडून आहेत, एक नंबर मोठे. दोन मोजे घालून बाहेर ते वापरेन. ट्रेंचमध्ये अनवाणी. १५०० मध्ये थापी आणि चांगली मोजपट्टी घेते.

गडकोट_ठाणे: लोखंडी टोकाचे बूट घालून कान्हेरीच्या पायऱ्या? पाय सोलून निघतील!

माजी_विद्यार्थिनी: अनवाणी नको गं. खापऱ्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, धनुर्वाताचं इंजेक्शन तरी घे.

साष्टी_भटकी: इंजेक्शन उद्याच घेते. रविवारी एकसरला जातोय, बाबांचे बूट तिथे घालून बघते.