मदत हवी आहे: घरच्या सुतारकामाला डस्ट कलेक्टर (भुसा ओढून घेणारं मशीन) कोणता घेऊ?

राम राम मंडळी, मी भुसावळचा, घरामागच्या १० बाय १२ च्या पत्र्याच्या खोलीत हौस म्हणून सुतारकाम करतो, टेबल सॉ (लाकूड कापायचं मशीन), प्लेनर (रंधा मशीन) आन् सँडर (घासायचं मशीन) एवढंच सामान. सागाचा बारीक भुसा उडून पार कळण्याच्या पिठाच्या डब्यावर बसतो, आई रोज उद्धार करते. सँडरला घरचा व्हॅक्यूम लावला तर फिल्टर लगेच चोंदतो, प्लेनरचा भुसा तर पाइपातच अडकतो. आता २ एचपीचा, ४ इंची पाइपाचा पिशवीवाला घेऊ का व्हॅक्यूमलाच सायक्लोन (हवा गरगर फिरवून भुसा खाली पाडणारं नरसाळं) आन् ड्रम जोडून बघू? साध्या कापडी पिशवीतून बारीक धूळ परत खोलीतच येते म्हणे, आन् छातीला खरा त्रास तिचाच. सिंगल फेजवर सॉ आन् कलेक्टर सोबत चालतील का? कोणी वापरत असेल तर सांगा ना भो.